काकूंच्या मिरचीचा हिवाळा

थंडीच्या दिवसांत बागेविषयी काही लिहावयाचे तर शेवंतीविषयी लिहावे, झेंडूविषयी लिहावे, फार झाले तर हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याविषयी लिहावे, असा एक अलिखित संकेत आहे. मिरचीचे नाव या ऋतूत कोणी काढीत नाही. आणि आमच्या ग्वाल्हेरीकडे तर मुळीच नाही. कार्तिक सरला की परसातली मिरचीची झाडे उपटून टाकावीत आणि माघात नवे बी पेरावे, ही आमच्या घरची जुनी रीत. आम्हीही पुष्कळ वर्षे याच रीतीने चाललो. परंतु २०१८ सालच्या हिवाळ्यात असा प्रसंग आला की, मिरचीची तीन झाडे कसेही करून जगविणे आम्हांस भाग पडले. त्या तिहींपैकी एक जगले. त्या एका झाडाची ही हकीकत आहे.

लष्करात गोमंतकीय घरे कशी आली, हे या मासिकाच्या वाचकांस सविस्तर सांगावयास नको. पेडण्यातील केरी गावचे जिवबादादा बक्षी शिंद्यांच्या सैन्याचे सूत्रधार झाले आणि १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर त्यांनी त्या सैन्याचे नेतृत्व केले. त्यांच्या काळात आणि त्यांच्या मागोमाग शेणव्यांची अनेक कुटुंबे उत्तरेत आली. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले. आमचे पूर्वज त्या गर्दीतले एक. कुलदेवता गोव्यात आणि अन्नपाणी ग्वाल्हेरीस, अशा दुहेरी ओढीत आमच्या सात-आठ पिढ्या गेल्या. पाच-दहा वर्षांतून एकदा कुलदेवतेचे दर्शन घडे. आणि अधूनमधून एखादी सून तिकडून येई, तेव्हा घराला पुन्हा गोव्याचा वास लागे.

आमच्या काकू अशाच तिकडून आलेल्या. त्यांचे माहेर काणकोण महालातील खोल गावचे. १९६४ साली, म्हणजे गोवा मुक्त होऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, त्या लग्न होऊन लष्करात आल्या. त्यांच्या सामानात श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाचा अंगारा होता, आमसुले होती, आणि लुगड्याच्या पदराला बांधलेली एक लहानशी पुरचुंडी होती. तीत मिरचीचे बी होते. त्यांच्या आईने निघताना दिले होते. खोलच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकणारी ती लालभडक, बेताच्या तिखटाची मिरची. तिला तिकडे मिरसांग म्हणतात, आणि काकू अखेरपर्यंत मिरसांगच म्हणत राहिल्या.

त्या बियांचा वंश काकूंनी चोपन्न वर्षे चालविला. दर वर्षी भाद्रपद-आश्विनात त्या झाडांपाशी जात. सर्वांत निरोगी झाड कोणते, त्यावरची मधल्या बहराची, पूर्ण पिकलेली, डाग नसलेली फळे कोणती, हे त्या स्वतः पाहत. ती आठ-दहा फळे वेगळी काढून सावलीत वाळवीत. बी काढून चाळलेल्या राखेत मिसळीत आणि पत्र्याच्या डब्यात ठेवीत. डब्यावर खडूने वर्ष लिहीत. हे काम त्यांनी कधी कोणास सांगितले नाही आणि आम्हीही कधी शिकून घेतले नाही. घरात जे काम एक मनुष्य निमूटपणे करीत असते, ते काम आहे हेच इतरांच्या लक्षात येत नाही.

२०१८ च्या गणेशोत्सवात, अनंतचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, काकू न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. पितृपक्ष आणि निम्मे नवरात्र रुग्णालयात गेले. घरी इकडे दसऱ्याची साफसफाई चालली होती. परसात मिरचीची दहाबारा झाडे होती. त्यांवरच्या पिकलेल्या मिरच्या आम्ही तोडल्या, गच्चीवर वाळविल्या आणि एकूण एक कांडून त्यांचे तिखट करून आणले. झाडे म्हातारी दिसत होती, म्हणून गड्याकरवी उपटविली. विहिरीमागची तेवढी तीन त्याच्या नजरेतून सुटली.

कोजागिरीच्या रात्री आटीव दुधाचा पेला हाती घेऊन काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. दुधाचा घोट घेऊन त्यांनी सहज विचारले, "बियांच्या मिरच्या वेगळ्या ठेवल्यात ना रे?"

आम्ही सौ.कडे पाहिले, सौ.ने आमच्याकडे पाहिले. काकूंनी दोघांकडे पाहिले आणि पेला खाली ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावरचे डबे काढले. सर्वांत अलीकडची पुडी सहा वर्षांपूर्वीची निघाली. मागल्या वर्षांचे बी काकू दर माघात पेरून संपवीत असत. मिरचीचे बी घरच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षे बरे टिकते. पुढे त्याचा जोम झपाट्याने उतरतो. आमच्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तरी आशा म्हणून चाळीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बंबामागच्या उबदार फळीवर ठेविल्या. मिरचीचे बी रुजावयास २५ ते ३० अंशांची ऊब लागते, ती तेथे मिळत होती. वीस दिवस वाट पाहिली. फडक्याला बुरशी आली. मोड एकासही आला नाही.

वाचक म्हणतील, एवढे कशाला? बी गोव्याहून मागवावे. खरे आहे, खोलची मिरची आजही पिकते आणि बी मिळते. परंतु काकूंच्या माहेरचे घर केव्हाच बंद झाले होते. भाऊ मडगावास जाऊन राहिले होते आणि त्यांचा तो डोंगरउतार रानाने परत घेतला होता. बाजारचे बी खोल गावचे असले, तरी ते काकूंच्या आईच्या हातचे नव्हते. तो धागा आता विहिरीमागच्या तीन झाडांतच काय तो उरला होता, आणि तो तुटण्याच्या बेतात आणला होता आम्ही.

आमच्या शेजारी उद्यानखात्यातून निवृत्त झालेले एक सद्‍गृहस्थ राहतात. त्यांच्यापाशी आम्ही आपला गुन्हा कबूल केला. ते हसून म्हणाले, "झाडे जिवंत आहेत ना? मग बियांची चिंता कशाला करता? मिरची एका वर्षात मरते, असे तुम्हांला कोणी सांगितले?"

आमचा समज खरोखर तसाच होता. त्यांनी सांगितले ते असे. मिरची मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली. १५१० साली गोवा त्यांच्या ताब्यात गेल्यानंतरच्या काळात तिचा प्रसार झाला. लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली तिचे नामकरण करताना 'ॲन्युअम', म्हणजे वार्षिक, असे विशेषण तिला जोडले, आणि ते कायम झाले. वस्तुतः ती अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. युरोपातल्या थंडीत ती दर वर्षी मरे, म्हणून ती वार्षिक ठरली. आमच्या लष्करातही ती थंडीनेच मरते, आयुष्य सरल्यामुळे नव्हे. थंडीतून तिला पार नेले, तर माघात ती नव्या पालवीने उठते. आणि तिची मुळे व खोड आधीच तयार असल्यामुळे बियांच्या रोपाहून पुष्कळ आधी फळ देते.

या शेवटल्या वाक्यात आमच्या गावापुरता किती अर्थ आहे, तो आम्हांस मागाहून कळला. माघात पेरलेले बी चैत्रात रोप होते आणि वैशाखात फुलावर येते. परंतु वैशाखातली लू वाहू लागली की मिरचीची फुले गळून पडतात. पारा पस्तिशीच्या वर राहिला की फळ धरत नाही. म्हणून आमच्या परसातली मिरची फळावर येई ती पावसाळ्यात. रात्री फार थंड असतील तरीही फळ धरत नाही. म्हणजे लष्करच्या हवेत मिरचीस फळ धरण्याजोगा वसंत अवघ्या पाच-सहा आठवड्यांचा, फाल्गुन ते चैत्र. त्या अवधीत जे झाड फुलांनिशी तयार असेल, तेच चैत्रात फळ देईल. ते तयार असावयाचे तर त्याने हिवाळा पाहिलेलाच असला पाहिजे.

आणि चैत्र म्हटला की आमच्या घरी चैत्रगौर. गौरीपुढची आरास, हरभऱ्याची ओटी, पन्हे आणि कैरीची डाळ. डाळीतली हिरवी मिरची काकूंना दर वर्षी मंडईतून आणावी लागे, आणि दर वर्षी त्या म्हणत, "गौरीला घरची सगळी, मिरसांग तेवढी विकतची." हे वाक्य आम्ही पन्नास वेळा ऐकले असेल. त्या हिवाळ्यात ते प्रथमच आमच्या मनात उतरले.

तुळशीचे लग्न आटोपल्यावर आम्ही कामास लागलो. रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांखाली जाण्यापूर्वी झाडे आत यावयास हवी होती. तिन्ही झाडांवरची उरलीसुरली फुले व बारकी फळे खुडून टाकली. थंडीत झाडाने आपली शक्ती फळात घालवू नये. फांद्या छाटून खोडाचा तेवढा इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दुबेळका वीतभर ठेविला. हे करताना आमचा हात कापला. ज्याला वाचवावयाचे त्यालाच बोडके करावयाचे! मग मुळांभोवतीची माती हलक्या हाताने झाडून लांब मुळे कापली आणि मातीच्या लहान कुंड्यांत नवी माती, नदीची वाळू आणि कुजलेला पाला समभाग घालून झाडे लाविली. पानांच्या पाठीवर मावा असतो. घरात त्याला खाणारे किडे नसल्यामुळे तो दुप्पट-चौपट वाढतो. म्हणून खोडे साबणाच्या पाण्याने धुतली आणि कडुनिंबाच्या तेलाचे दोन थेंब पाण्यात मिसळून शिंपडले. कुंड्या दक्षिणेच्या खिडकीत, न्हाणीघराच्या भिंतीलगत ठेविल्या. भिंतीपलीकडे बंब असल्यामुळे सकाळी तीन-चार तास ती भिंत उबदार असे.

काकूंचा पलंग त्याच खोलीत होता. त्या रोज सकाळी कूस बदलून खिडकीकडे पाहत आणि म्हणत, "अजून हिरवी आहेत."

पहिले झाड आमच्या प्रेमाने मेले. शेजाऱ्यांनी बजावले होते की, थंडीत झाड झोपलेले असते. झोपलेल्यास पाणी पाजावयाचे नाही. बोटाची दोन पेरे माती कोरडी लागल्यावरच अर्धा तांब्या पाणी, म्हणजे दहा-बारा दिवसांतून एकदा. परंतु पाने गळू लागली की मन राहत नाही. सकाळी आम्ही थोडे पाणी घालावे, दुपारी सौ.ने थोडे घालावे, आणि संध्याकाळी कामवालीने कर्तव्य म्हणून घालावे. मार्गशीर्षाच्या अखेरीस खोड बुंध्याशी मऊ लागू लागले. उपटून पाहिले तो मुळे काळी पडून कुजली होती. तहानेने मिरची सहसा मरत नाही, पाण्याने मरते, हा धडा आम्ही एक झाड देऊन शिकलो. उरलेल्या दोन कुंड्यांचे पाणी मग एकट्या सौ.च्या हाती दिले आणि भिंतीवर कालनिर्णय होतेच, त्यावर पाण्याच्या दिवशी टिंब करावयाचे ठरले.

दुसरे झाड पौषात गेले. त्याची गोष्ट सांगताना आजही संकोच वाटतो. धनुर्मास चालू होता. गल्लीतील रामाच्या देवळात पहाटे मुगाच्या खिचडीचा नैवेद्य असे आणि आम्ही नेमाने जात असू. दिवसा स्वच्छ ऊन पडे, म्हणून एक-एक कुंडी आळीपाळीने दोन तास गच्चीवर ठेवावी आणि दुपार कलता आत आणावी, असा क्रम बसला होता. एके दिवशी दुपारी काकूंना हुडहुडी भरून ताप आला. त्यांना घेऊन आम्ही सर्वजण रुग्णालयात गेलो ते रात्री अकरास परतलो. ताप उतरला होता. सर्व थकून झोपलो. कुंडी गच्चीवरच राहिली.

ती रात्र निरभ्र होती. वारा पडलेला. पाला पडतो तो अशाच रात्री. आकाशावर ढगांचे पांघरूण नसले आणि वारा हवा ढवळीत नसला, की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि पानांवरचे दव गोठते. पहाटे देवळात निघताना आठवण झाली आणि आम्ही जिन्याने धावलो. झाड जागच्या जागी होते. दिसावयास काही झाले नव्हते. परंतु ऊन वर आले तसे ते काळवंडले, आणि राहिलेली चार पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबू लागली. पेशींतले पाणी गोठून त्या फुटल्या, की ऊन लागताच झाडाचे असे होते. साधे गोणपाट टाकले असते किंवा कुंडी ओसरीच्या छपराखाली सरकविली असती, तरी ते वाचले असते.

काकूंना सांगावयाचे नाही असे आम्ही ठरविले. नुकत्या तापातून उठलेल्या. दोन कुंड्या आळीपाळीने बाहेर जातात हे त्यांना ठाऊक होतेच. तेव्हा खिडकीत एक दिसली तर दुसरी बाहेर आहे, असे त्या समजतील. हा हिशेब चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "रात्रीसुद्धा बाहेर असते होय रे दुसरी?"

आम्ही मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मला सांगायला हवं होतं. झाड गेलं त्याचं काही नाही. माझ्या तापापायी गेलं, हे मी जाणून घेतलं असतं. लपवलंत ते बरं नाही केलंत." आणि थोड्या वेळाने, "उरलेली कुंडी माझ्या पलंगाजवळ आणा. आता मी राखते."

तेव्हापासून ते झाड काकूंच्या उशाशी आले. संक्रांतीपर्यंत त्यावर एकही पान उरले नव्हते. पाहणाऱ्यास वाळकी काडी वाटावी. घरी येणारे जाणारे विचारीत, ही कसली काडी पुजता? काकू नखाने खोडाची साल हळूच, तिळाएवढी, खरवडून दाखवीत. सालीखाली हिरवे असे. "जिवंत आहे," म्हणत आणि मग स्वतःच्या पायाच्या व्यायामास लागत. व्यायाम शिकवावयास येणाऱ्या बाईंपुढे त्या पूर्वी कुरकुर करीत असत. ती कुरकुर त्या महिन्यात थांबली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. जे पाहिले ते लिहितो.

१२ फेब्रुवारी २०१९ रोजी रथसप्तमी होती. अंगणात सूर्यनारायणाच्या रथाची रांगोळी काढून दूध उतू घातले. त्याच दिवशी झाडाच्या वाळलेल्या शेंड्या कापल्या, कुंडीतली वरची दोन बोटे माती काढून त्या जागी जुने शेणखत घातले आणि कुंडी उन्हात ठेविली. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग एक तास, असे हळूहळू वाढवीत. घरातून निघालेल्या झाडास एकदम कडक ऊन दाखविले तर कोवळी पाने भाजतात. आठव्या-नवव्या दिवशी खोडाच्या एका पेरावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. सौ.ने तो प्रथम पाहिला आणि हाक मारली, ती ऐकून शेजारीही आले.

पुढे सर्व झपाट्याने घडले. होळीच्या सुमारास झाड हातभर झाले होते आणि कळ्या धरल्या होत्या. येथे शेजाऱ्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळते हे खरे. परंतु मधमाश्या शेजारपाजारच्या मिरचीचा पराग आणून टाकतात आणि मग त्या बियांत भलताच वंश शिरतो. म्हणून एका फांदीवर, कळ्या उमलण्यापूर्वीच, मलमलीची पिशवी बांधली आणि रोज सकाळी ती फांदी बोटाने हलकेच हलविली. त्या फांदीची फळे बियांसाठी, बाकीची गौरीसाठी.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हळदीकुंकू ठरले होते. आदल्या दिवशी झाडावर खावयाजोग्या नऊ हिरव्या मिरच्या होत्या. माघात पेरलेली शेजारची रोपे त्या वेळी वीतभर होती. सौ.ने मिरच्या तोडल्या आणि आम्ही त्यांतली एक घेऊन देवळात गेलो. तेथे एक शंका विचारावयाची होती. देवळाच्या महानैवेद्यात मिरची चालत नाही, मिरी चालते, हे आम्हांस ठाऊक होते. कित्येक देवस्थानांत हाच नेम आहे. मिरी आपल्याकडची प्राचीन, मिरची समुद्रापलीकडून आलेली. नावसुद्धा तिने मिरीचेच घेतले. मग ही देवापुढे ठेवावी की नाही?

गुरुजी म्हणाले, "शिजवलेल्या नैवेद्यात आपल्या देवळाची रीत मोडणार नाही. पण बागेतलं पहिलं फळ म्हणून पायाशी ठेवा. त्याला कोण नाही म्हणतो? घरी तुम्ही दृष्ट काढता ती मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनीच ना? तिथं तिला कुठं परकी म्हणता?" आम्ही मिरची रामाच्या पायाशी ठेविली. प्रसाद म्हणून तीच परत मिळाली आणि डाळीत पडली.

डाळ काकूंनी स्वतः केली. म्हणजे चाकाच्या काठीचा आधार घेऊन त्या स्वयंपाकघरापर्यंत चालत गेल्या, खुर्चीवर बसल्या, आणि वाटलेल्या डाळीवर फोडणी त्यांच्या हातची पडली. मिरची चिरण्यापूर्वी त्यांनी तिचा तुकडा दातांखाली धरला. आम्ही सर्व उभे होतो. सहा महिन्यांची सारी धडपड त्या क्षणाशी येऊन थांबली होती.

काकूंनी तुकडा चावला, थोडा वेळ डोळे मिटून बसल्या, आणि म्हणाल्या, "ही खोलची न्हय."

कोणी काही बोलेना. मग त्या हसल्या. "पूण बरी आसा," म्हणाल्या. आणि मराठीत, जणू आमची समजूत घालण्यासाठी, "कधीपासूनच नाही रे ती. वीस वर्षं झाली असतील. तिखट झाली, आखूड झाली. इथल्या मिरच्यांच्या शेजारी राहून राहून झाली. मला ठाऊक होतं."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? बी तर आईचंच होतं."

त्या दिवशी पंचवीस-तीस बायका हळदीकुंकवास येऊन गेल्या आणि डाळ संपली. काकू प्रत्येकीस सांगत होत्या, या वर्षी गौरीला मिरसांगसुद्धा घरची.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. मलमलीच्या पिशवीतली फळे ज्येष्ठात लाल झाली. त्यांचे बी काकूंनी आमच्याकडून काढवून घेतले. पलंगावरून एकेक गोष्ट सांगत होत्या आणि आम्ही वहीत टिपून घेत होतो. त्याच वर्षात, २०१९-२० साली, खोलच्या मिरचीस भौगोलिक मानांकन मिळाले. वर्तमानपत्रातली ती बातमी आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना वाचून दाखविली. त्या म्हणाल्या, "कागद मिळाला? बरं झालं. पिकवणाऱ्या बायकांना आता भाव मिळेल." आम्ही मागाहून गोव्याहून खोलचे अस्सल बीही मागविले आणि शेजारी शेजारी दोन्ही लाविली. काकूंची पारख अचूक होती. अस्सल खोलची लांब, रंगाने भडक आणि तिखटाने सौम्य. आमची आखूड आणि झणझणीत. आमचे बी ते आमचेच राहिले. काकू २०२१ च्या श्रावणात गेल्या. ते झाड पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, कुंडीचे भोक बुजून पाणी साचल्यामुळे, गेले. त्याने चार हिवाळे काढले होते.

ज्यांच्या गावी पाला पडतो, त्या इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांनी हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. गोव्यात व बडोद्यात थंडी सौम्य असल्यामुळे तेथे झाड घरात आणण्याचीही गरज बहुधा पडणार नाही. दिवाळीनंतर हलकी छाटणी करून पाणी कमी केले की पुरे. खर्च काही नाही. एक कुंडी, एक खिडकी आणि पाणी घालण्याचा मोह आवरणारा एक मनुष्य, एवढेच लागते.

यंदाही तुळशीच्या लग्नानंतर दोन कुंड्या बंबाच्या भिंतीलगत आल्या आहेत. बियांच्या मिरच्या भाद्रपदातच वेगळ्या काढल्या, डब्यावर खडूने वर्ष लिहिले, आणि अर्धी पुडी शेजाऱ्यांच्या घरी ठेवावयास दिली आहे. एकाच घरी एकच पुडी ठेवू नये, हे आता आम्हांस समजले आहे. सध्या दोन्ही झाडांची पाने गळली आहेत. परवा आमच्या नातवाने विचारले, ही मेली का? आम्ही त्याचे बोट धरून नखाने साल खरवडावयास शिकविले. तिळाएवढी, त्याहून जास्त नाही.